सोलापुरात राहायला येताय? आधी पाण्याचा वार विचारा

मी रत्नागिरी जिल्ह्यातली. अकरा वर्षांपूर्वी बदली होऊन सोलापूरला आले. स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसले तेव्हा रिक्षावाले काका माझ्याशी मराठीत बोलले, शेजारच्या बाईंशी कानडीत, आणि पुढं एक गाडी आडवी आली तेव्हा तिच्या चालकाला त्यांनी दखनी उर्दूत सुनावलं. मधे क्षणभरही थांबले नाहीत. चौथी भाषा, तेलुगू, घर मिळाल्यावर भिंतीपलीकडून ऐकू यायला लागली.

आमच्या कार्यालयात दरवर्षी कुणीतरी नवीन येतं आणि पहिल्या आठवड्यात त्या माणसाचा चेहरा माझ्या तेव्हाच्या चेहऱ्यासारखा असतो. त्यांना मी जे सांगते तेच इथं लिहिते आहे. सोलापूर सर्व भाषांचं, सर्व धर्मांचं शहर आहे असं भाषणांत नेहमी म्हणतात आणि ते खरंही आहे. पण तेवढ्यानं नवख्या माणसाचं इथं घर होत नाही. इथली माणसं कामाच्या निमित्तानं जवळ येतात. पाणी, भाकरी, आजारपण, लग्नातली पंगत, मिरवणुकीतली गर्दी, अशी ती निमित्तं. ती चुकवू नका, एवढंच मला सांगायचं आहे. बाकीचा तपशील त्याच ओघात येईल.

घर बघण्याआधी: कोण कुठून आलं ते माहीत करून घ्या

इथं बहुतेक जण कधी ना कधी बाहेरूनच आलेले आहेत. १८७७ साली इथं पहिली कापड गिरणी सुरू झाली. लोक तिला अजून ‘जुनी गिरणी’ म्हणतात. पुढं लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून, म्हणजे आजच्या तेलंगणातून, पद्मशाली विणकरांची कुटुंबं आली आणि शहराच्या पूर्व भागात वसली. कर्नाटकची हद्द जवळ असल्यानं कानडी इथं पाहुणी नाहीच, ती जुनी घरची भाषा आहे. मारवाडी, गुजराती व्यापारी पेठांमध्ये स्थिरावले. किल्ल्याभोवतीच्या आणि वेशींच्या आसपासच्या मोहल्ल्यांत मुसलमान कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गिरण्या बंद पडल्या, पण यंत्रमाग राहिले. सोलापुरी चादर आणि टॉवेल याच गल्ल्यांमधून निघतात.

त्यामुळं घर बघताना भाग समजून घ्या. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड इकडं वस्ती नवी आहे, रस्ते रुंद आहेत, शेजारी तुमच्यासारखेच नोकरदार. अशोक चौक, दाजी पेठ, साखर पेठ, भवानी पेठ इकडं मागाचा खटखटाट आणि तेलुगू. बाळीवेस, उत्तर कसबा, मंगळवार पेठ इकडं जुने वाडे, कानडी आणि बाजार. नवी पेठ म्हणजे खरेदी. तिथं राहण्यापेक्षा जाणं बरं. मी पहिलं वर्ष नव्या वस्तीत काढलं. घर चांगलं होतं, पण समोरच्या दारातल्या माणसांचं आडनावही मला वर्षअखेरीस कळलं. मग पूर्व भागात भाड्यानं आले आणि तिथंच राहिले. सगळ्यांनी तसं करावं असं नाही, लहान मूल असेल आणि रात्री मागाचा आवाज सहन होत नसेल तर तो भाग तुमच्यासाठी नाही. पण घर ठरवण्याआधी त्या गल्लीत दोनदा जा. एकदा सकाळी सातला, एकदा संध्याकाळी दिवेलागणीला. बायका ओट्यावर बसलेल्या दिसल्या तर ती गल्ली बोलकी आहे.

एक कडवी गोष्टही सांगते. मला दोन ठिकाणी घर नाकारलं गेलं. एका ठिकाणी आडनाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ‘कोणात येता?’ असा आला, दुसऱ्या ठिकाणी मासे शिजवते म्हटल्यावर बोलणं थांबलं. माझ्या एका मुसलमान सहकाऱ्याला याहून जास्त दारं बंद मिळाली. शहर मिळून-मिसळून राहतं हे जितकं खरं, तितकंच हेही खरं. मी तेव्हापासून पहिल्याच भेटीत सांगून टाकते, आमच्याकडं मासे होतात, चालणार असेल तर बोलू. नंतर लपवत राहण्यापेक्षा हे बरं पडतं, आणि ज्या घरात ‘चालतंय की’ असं उत्तर येतं तिथं पुढचं सगळंच सोपं जातं.

पहिला आठवडा: पाणी

याला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे, कारण इथं माणसांची ओळख नळावर होते.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येतं, किती दिवसांआड ते भागावर आणि त्या वर्षीच्या परिस्थितीवर अवलंबून. उजनी धरणातून, टाकळीच्या बंधाऱ्यातून आणि हिप्परग्याच्या तलावातून शहराला पाणी मिळतं, आणि पाईपलाईन फुटली किंवा वीज गेली की ठरलेला दिवस पुढं ढकलला जातो. घरमालकांना चार गोष्टी विचारा: पाण्याचा वार कोणता आणि वेळ कोणती, जमिनीखाली हौद केवढा, वरची टाकी केवढी, आणि बोअर आहे का. माझा हिशोब असा: दोन माणसांना दिवसाला चारशे लिटर धरले तर पाच दिवसांना दोन हजार लिटर लागतात. हौद त्याहून लहान असेल तर उन्हाळ्यात टँकर बोलवावा लागेल हे गृहीत धरा. बोअरचं पाणी बहुधा जड असतं, ते धुण्याभांड्याला ठेवा. पिण्यासाठी पहिले काही दिवस जार घ्या, मग घरात फिल्टर बसवा. साठवलेलं पाणी झाकून ठेवा आणि हौद मधूनमधून पूर्ण कोरडा करा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात.

हे झालं यंत्राचं. आता माणसांचं. पाणी सुटतं ते कधी पहाटे, कधी मध्यरात्री. कोकणातल्या विहिरीच्या काठी वाढलेल्या मला ‘पाणी सुटलं’ हे शब्द म्हणजे एखादी बातमी असू शकते हे माहीतच नव्हतं. पूर्व भागात आल्यावर पहिल्या खेपेला मी झोपून राहिले. सकाळी बाहेर आले तर शेजारच्या अक्का म्हणाल्या, “रात्री पाणी येऊन गेलं की, तुम्हाला उठवायचं कसं, नाव म्हाईत नाही.” त्यांनी त्यांच्या टाकीला पाईप लावून माझे दोन पिंप भरून दिले. अक्का विड्या वळतात. दुपारी मांडीवर सूप घेऊन ओट्यावर बसतात, पान कापणं, तंबाखू भरणं, दोरा बांधणं हे सगळं हातांना पाठ असल्यानं डोळे गल्लीवर असतात. कुणाचा पाहुणा आला, कुणाचा ताप उतरला नाही, सगळं त्यांना ठाऊक. त्या दिवशी मी माझं नाव सांगितलं.

पुढच्या पाण्याला मला चार भाषांत उठवलं गेलं. अक्का ‘नीळ्ळु वच्चिनय’ म्हणाल्या, पलीकडच्या घरातून ‘नीर बंत्री’, कोपऱ्यावरच्या चाचींचं ‘पानी आया’, आणि मधे कुणीतरी सरळ ‘अहो, पाणी!’ तेव्हा आलेल्या दिवशीच दोन्ही बाजूंच्या घरांत जा, नाव सांगा, फोन नंबर द्या आणि म्हणा, पाणी सुटलं की हाक मारा. मग एखाद्या रात्री तुम्हाला आधी जाग आली तर तुम्हीही हाक मारा. ज्याच्याकडं मोटर नाही त्याच्यापुढं आपली मोटर लावून सगळं ओढून घेऊ नका. भांडणं होतात ती यावरून, भाषेवरून नाही.

बोलायचं कसं

मराठी सगळीकडं चालते. पूर्व भागातल्या म्हाताऱ्या बायकांनाही समजते. तुम्ही उगाच हिंदीवर जाऊ नका, समोरचा मराठीत बोलत असतो आणि आपणच हिंदी सुरू करतो, त्यानं अंतर वाढतं. सोलापुरी मराठी कानाला वेगळी लागेल. ‘काय करलालास बे?’ असं मित्र मित्राला विचारतो. हा ‘बे’ शिवी नाही, जवळीक आहे. पण तो तुमच्याशी कुणी वापरेपर्यंत तुम्ही वापरू नका, आणि वडीलधाऱ्यांशी तर कधीच नाही. अनोळखी पुरुषाला ‘मालक’ म्हणायची इथं रीत आहे, दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो आणि गिऱ्हाईक रिक्षावाल्याला. तेलुगू आणि कानडी घरांत मोठ्या बाईला अक्का, पुरुषाला अण्णा. मोहल्ल्यात चाचा, खाला. मराठी घरांत काका, मावशी आहेतच.

दोन-तीन वाक्यं शिकून घ्या. कानडीत ‘ऊटा आतेन्री?’ म्हणजे जेवण झालं का. तेलुगूत ‘बागुन्नारा?’ म्हणजे बरे आहात ना. पंगतीत वाढणाऱ्याला थांबवायला कानडीत ‘साकू’, तेलुगूत ‘चालु’. दखनीतला ‘हौ’ आणि ‘नक्को’ तर आठवड्यात तोंडात बसतो. चुकीचं बोललात तर लोक हसतील, मग दुरुस्त करून पुन्हा म्हणून घेतील. ते हसणं आपुलकीचं असतं. मुलं असतील तर त्यांची चिंता करू नका, गल्लीत खेळून तीन महिन्यांत ती तुमच्यापुढं जातात. शाळाही मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा माध्यमांच्या आहेत, महापालिकेच्यासुद्धा.

जेवण

मी भात खाणारी, आणि सोलापूर ज्वारीचं. पहिल्या महिन्यात मला जेवल्यासारखं वाटायचं नाही. मग अक्कांच्या सुनेनं भाकरी थापायला शिकवली. ज्वारी घेताना मालदांडी मागा, मंगळवेढ्याची मिळाली तर उत्तम, तिची भाकरी पांढरी आणि गोडसर होते. पीठ थोडंथोडं दळून आणा, जुनं झालं की भाकरी थापताना तुटते. एकटे राहत असाल तर कडक भाकरी घरात ठेवा. तव्यावर वाळवलेली ही पातळ भाकरी बरेच दिवस टिकते, दह्यात किंवा आमटीत चुरून खातात. सोबत शेंगा चटणी. ती उखळात कुटलेली घ्या, तेल सुटलेली, हाताला चिकटणारी. मिक्सरमधली भुकटी असते तिला ती चव नाही. शेंगापोळी, धपाटे, लिंगायत घरातल्या लग्नात गव्हाची हुग्गी, थंडीत हुरडा, हे सगळं यथावकाश समोर येईल. संध्याकाळी पार्क चौपाटीवर एक चक्कर मारा, अर्धं शहर तिथं भेटतं.

समुद्राचे मासे इथं महाग आणि बर्फातले. उजनीचे गोडे मासे मिळतात. मला सुरुवातीला चिखलाची चव लागायची. चिंचेच्या कोळात थोडा वेळ ठेवून मग कालवण केलं की जाते, हे मला मोहल्ल्यातल्या एका चाचींनी सांगितलं.

कुणी डबा पाठवला तर तो रिकामा परत देऊ नका. यात चूक झाली तर कुणी बोलून दाखवत नाही, पण लक्षात राहतं.

कागदपत्रं आणि ऊन

भाडेकरार नोंदवून घ्या, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या, आधारवरचा पत्ता बदला, गॅस जोडणी हलवा. मतदार यादीत नाव बदलून आणायला फॉर्म ८ भरतात. हे पहिल्याच वर्षी करा. इथल्या प्रभागात मत दिल्याशिवाय रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल बोलताना जीभ अडखळते.

ऊन मार्चअखेरपासून जूनपर्यंत. पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी बारा ते चार कुणाच्या घरी जाऊ नका, बाजारही संध्याकाळचा ठेवा. वरच्या मजल्यावरचं घर घेतलं असेल तर गच्चीला चुन्याचा हात मारून घ्या.

जानेवारी

शक्य असेल तर जानेवारीच्या आधी या. या महिन्यात शहर स्वतःबद्दल सगळं सांगतं.

१२ जानेवारीला चार पुतळ्यांपाशी जा. १९३० साली सोलापूरच्या लोकांनी इंग्रजांचा अंमल झुगारला, शहरात मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. ही चार आडनावं एकापाठोपाठ मोठ्यानं म्हणून बघा. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसचं नाव यांच्यावरून आहे, हे मला इथं येईपर्यंत माहीत नव्हतं. आता त्या गाडीत बसताना दर वेळी आठवतं.

त्याच दिवसांत सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे गड्डा. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शरण, म्हणजे लिंगायत संत, त्यांची वचनं कानडीत आहेत. त्यांनी तलाव खोदवला, तो आजही किल्ल्याला लागून आहे. शहराभोवती त्यांनी अडुसष्ट लिंगं स्थापिली असं मानतात. एका कुंभारकन्येनं त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावून दिलं, ही कथा. यात्रेत तेच लग्न दरवर्षी लागतं. भोगीच्या दिवशी यात्रेचे मानकरी हिरेहब्बू यांच्या वाड्यातून सात नंदीध्वज निघतात. उंच काठ्या, त्यांचा मान वेगवेगळ्या समाजांकडे चालत आलेला, आणि त्या पेलणारे पांढऱ्या बाराबंदीतले लोक. काठी हलली की गर्दीचा श्वास अडकतो. तलावाकाठी संमती कट्ट्यावर लग्नाच्या संमतीचं वाचन होतं आणि ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ असा घोष झाला की हजारो हातांतून अक्षता उडतात.

माझ्या पहिल्या यात्रेला मी कडेला उभी राहून फोनवर चित्रण करत होते. शेजारच्या आजींनी माझ्या हातातला फोन खाली केला आणि मुठीत अक्षता दिल्या. “लग्नाला आलीस ना?” एवढंच म्हणाल्या. तेव्हा माझा सल्ला असा: सकाळी लवकर जा, पाण्याची बाटली आणि मूठभर तांदूळ घ्या, पांढरे किंवा साधे कपडे घाला, आणि फोन पिशवीत ठेवा. होम मैदानावरची जत्रा पुढं बरेच दिवस चालते, पाळणे आणि खाणं तेव्हा निवांत करा.

बाकीचं वर्ष असंच. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका, बुधवार पेठेतल्या मिलिंदनगरात त्या दिवसांत घराघरांवर रोषणाई. रमजानमध्ये विजापूर वेशीतला मीना बाजार, बांगड्या, शेवया, गर्दी, आणि रात्री उशिरापर्यंत जाग. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ, ज्या दिवशी पूर्व भागातला विणकर माग बंद ठेवून नवे कपडे घालतो. मोहरमात पंजांपुढं ऊद घालायला येणाऱ्यांत हिंदू घरंही असतात. नवरात्रात तेलुगू घरांत बतुकम्मा. तरवड, कुर्डू, झेंडू यांची फुलं ताटात थरावर थर रचून उंच करतात, मग बायका तिच्याभोवती टाळ्या वाजवत फेर धरतात. आमच्या भोंडल्यासारखंच, मधे हत्तीऐवजी फुलांचा डोंगर. शेजारी बतुकम्मा असेल तर आदल्या दिवशी फुलं आणून द्या. मला पहिल्या वर्षी कुर्डू निवडायला बसवलं होतं, तिसऱ्या वर्षी थर रचायला दिला.

अफवा पसरली तर

या शहरात दंगलीही झाल्या आहेत, हे नवख्यापासून लपवून ठेवू नये. कधी एखादा व्हिडिओ फिरतो आणि संध्याकाळी दुकानं लवकर बंद होतात. अशा वेळी पुढं पाठवू नका. ज्या मोहल्ल्याबद्दल तो मजकूर असेल तिथं ओळखीच्या माणसाला फोन करा आणि ‘तुमच्याकडं सगळं ठीक आहे ना’ एवढं विचारा. मी एकदा चाचींना विचारलं. त्या म्हणाल्या, आम्ही तुलाच फोन करणार होतो. असा फोन करण्याइतकी ओळख प्रत्येक भागात एका तरी घराशी ठेवा. ती सणाला, आजारपणाला, दुकानाच्या उधारीला होते, अफवेच्या रात्री होत नाही.

गावी जाताना

शेवटची पायरी. पहिल्यांदा सुट्टीला गावी जाल तेव्हा घराची किल्ली शेजारी द्या. मला ते जड गेलं होतं. मी गणपतीला दहा दिवस गेले, मधे दोनदा पाणी येऊन गेलं असणार म्हणून रिकाम्या टाकीची तयारी ठेवूनच परतले. हौद भरलेला होता, वरची टाकीही भरलेली, मोटरचं बटण बंद करून त्यावर रुमाल बांधलेला, कुणी चुकून लावू नये म्हणून. मी गावाहून अक्कांसाठी आमसुलं आणली होती. ती कशात घालायची त्यांना ठाऊक नव्हतं, मी म्हणाले, वरणात. त्या त्यांच्या पप्पूत, म्हणजे तेलुगू वरणात, चिंचेऐवजी घालतात आता, आणि गणपतीच्या आधी आठवण करतात की या वेळी जरा जास्त आण.